ड्रेनची वही

दादाचं व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन, ठरलं तेव्हा खानापूरहून बेळगावला जाताना मी एक शाळेची वही पिशवीत टाकली. तिचा फार उपयोग झाला, म्हणून सांगते.

या ऑपरेशनात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा काढतात आणि उरलेलं आतड्याला जोडतात. त्यातला स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात नाठाळ. तिथून रस झिरपतोय का, ते पोटातून बाहेर काढलेली ड्रेनची नळी सांगते.

रोज ठरलेल्या वेळी लिहा: किती मिली, रंग कसा. आधी लालसर, मग फिकट पिवळं होत गेलं तर ठीक. गढूळ, करडं किंवा हिरवट आलं तर सिस्टरना लगेच दाखवा. तिसऱ्या दिवशी 'ड्रेनचं ॲमायलेज किती आलं?' असं डॉक्टरांना विचाराच. ॲमायलेज म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक पाचक द्रव्य. रक्तातल्या त्याच्या नॉर्मल कमाल मर्यादेच्या 3 पटींहून जास्त म्हणजे गळती. पण ताप नाही, माणूस बरा आहे, तर बहुतेकदा नळी थोडे दिवस जास्त ठेवतात, एवढंच. दादाची अठराव्या दिवशी निघाली.

ड्रेनमध्ये ताजं रक्त मात्र चमचाभर दिसलं तरी उजाडायची वाट बघू नका. मोठ्या रक्तस्रावाची ती वर्दी असू शकते. घरी आल्यावर रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तरी तसंच, थेट दवाखाना.

रात्रपाळीच्या सिस्टर कन्नड बोलायच्या. वहीच्या मागच्या पानावर मी लिहून ठेवलं: नोवु म्हणजे दुखणं, ज्वर म्हणजे ताप. रक्त दोन्हीकडे रक्तच.

सहाव्या दिवशी दादाला उलट्या झाल्या, नाकातली नळी परत घातली. वहिनी रडायलाच लागली. पण या ऑपरेशननंतर जठर असं रुसून बसतं, आणि बहुतेकांचं हळूहळू सुरू होतं.

घरी आल्यावर चूक माझीच झाली. पाचक रसाच्या कॅप्सूल बाकीच्या गोळ्यांसारख्या जेवणानंतर देत राहिले. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारी. त्या पहिल्या घासाबरोबर द्यायच्या, चावायच्या नाहीत. थोडं थोडं, दिवसातून सहादा खायला द्या आणि रक्तातली साखर तपासत राहा. ती नव्याने वाढू शकते.

तुमच्या माणसाचं ऑपरेशन वेगळं असेल, स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग काढताना प्लीहाही गेली असेल, तर लसींचं विचारून घ्या.

दादा चौथ्या दिवसापासून कुंदा, बेळगावची ती मिठाई, मागत होता. दोन महिन्यांनी मिळाला, अर्धा चमचा. कॅप्सूल आधी हातावर ठेवली, मग कुंदा.