अमेरिकेत धंदा करताय? तपासनीस यायच्या आधी ओव्हरटाइमचा हिशोब असा लावा

‘माणसाला ताशी दराऐवजी ठरलेल्या पगारावर घ्या, ओव्हरटाइमची कटकटच मिटली.’ अमेरिकेत मोटेल, किराणा दुकान नाहीतर रेस्टॉरंट चालवणाऱ्या आपल्या माणसाला हा सल्ला कोणीतरी दिलेला असतोच. तो विसरा. ओव्हरटाइम आणि किमान वेतनाचा कायदा, फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट, १९३८ चा आहे. तो राबवणाऱ्या वेज अँड अवर डिव्हिजनचा, म्हणजे केंद्राच्या कामगार खात्याच्या विभागाचा, तपासनीस हुद्दा बघत नाही, काम बघतो. ओव्हरटाइममधून सूट मिळवायची तर साधारणपणे आठवड्याला किमान ६८४ डॉलर ठरलेला पगार हवा आणि कामही खरोखर व्यवस्थापनाचं वगैरे हवं. दिवसभर काउंटरवर उभा असलेला माणूस पाटीवर ‘मॅनेजर’ लिहिल्यानं मॅनेजर होत नाही. शंका असेल तर त्याला ओव्हरटाइम लागू आहे असंच धरा.

मग आठवडा ठरवा: सलग १६८ तास, कुठल्याही वारापासून, पण एकदा ठरला की सारखा बदलायचा नाही. पगार पंधरवड्यानं देत असाल तरी ५० आणि ३० मिळून ८० झाले म्हणून सुटका नाही. हिशोब आठवड्याचा, ४० तासांच्या वरचं सगळं ओव्हरटाइम; म्हणून पहिल्या आठवड्यातले १० तास ओव्हरटाइमचेच.

तास खरे लिहा. दुकान बंद झाल्यावर गल्ला मोजणं हेही काम. तुम्ही सांगितलं नव्हतं, पण माहीत असून करू दिलंत, तर पैसे द्यावे लागतात. चहाची २० मिनिटांपर्यंतची सुट्टी पगारी. आणि तुमचीच दोन मोटेलं असतील, एकच माणूस दोन्हीकडे राबत असेल, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं चेक फाडून तास विभागले जात नाहीत. दोन्हींचा कारभार एकमेकांत गुंतलेला असला की तासांची बेरीज होते.

आता खरी मेख: ओव्हरटाइम दीडपट द्यायचा, पण दीडपट कशाची? मला हाच टप्पा सगळ्यात जड गेला, आणि बहुतेक फायली इथेच फाटतात. दीडपट ‘रेग्युलर रेट’ची असते, ताशी दराची नव्हे. समजा दर २० डॉलर, आठवड्यात ५० तास, आणि कबूल केलेला १०० डॉलर बोनस. सगळे करतात ते असं: ४० तासांचे ८००, १० तासांचे ३० नं ३००, वर बोनस, एकूण १,२००. चूक. आधी ५० तासांचे साधे १,००० घ्या, त्यात बोनस मिळवा, १,१०० झाले. भागिले ५०, म्हणजे रेग्युलर रेट २२. एकपट १,१०० मध्ये आलीच आहे, उरली अर्धी: २२ चा निम्मा ११, गुणिले १० तास, ११०. देणं १,२१०.

दहाच डॉलर, असं म्हणू नका. ते प्रत्येक आठवडा, प्रत्येक माणूस असे मोजले जातात.

दोन कामांचे दोन दर असतील तरी रीत हीच. फ्रंट डेस्कचे ३० तास २० नं, लाँड्रीचे २० तास १६ नं: ९२० भागिले ५० म्हणजे १८.४०. निम्मे ९.२० गुणिले १०, ९२. एकूण १,०१२. ‘ओव्हरटाइम लाँड्रीतच झाला, म्हणून १६ ची दीडपट’ हे कामगाराशी आधी तसं ठरवलेलं नसेल तर टिकत नाही. आधी शब्द दिला नसताना खुशीनं दिलेली दिवाळीची भेट या हिशोबात येत नाही. पण ‘महिनाभर खाडा नाही तर १०० डॉलर’ असं कबूल केलंत की तो बोनस आत येतो. सॉफ्टवेअरवर विसंबू नका. बोनस कुठल्या खान्यात टाकायचा हे तुम्हीच त्याला सांगता.

किमान वेतन: केंद्राचं २००९ पासून ७.२५ आहे, राज्याचं जास्त असेल तर ते द्या. पगारपत्रकं ३ वर्षं, हजेरीची कार्डं २ वर्षं जपा.

तपासनीस आलाच, तर नोंदी द्या आणि बाजूला व्हा. तो कामगारांशी एकट्यानं बोलतो. त्यांना काय बोलायचं ते पढवू नका. तक्रार केली म्हणून कोणाला काढलंत, तर तो वेगळा गुन्हा. थकबाकी २ वर्षांची निघते, जाणूनबुजून केलेलं दिसलं तर ३. कोर्टात गेलात तर सहसा तेवढीच रक्कम वर भरपाई म्हणून. आणि कामगाराकडून ‘माझं काही येणं नाही’ असं परस्पर लिहून घेतलेला कागद फाइलला लावू नका. या कायद्याखालचा हक्क असा सोडता येत नाही, उलट तुम्हाला देणं माहीत होतं एवढंच त्यातून दिसतं.