गैरहजर विद्यार्थी उत्तीर्ण कसा ठरतो? एक्सेलच्या अटींमधील या चुका टाळा

>= च्या जागी => असे 'मोठे किंवा समान' हे चिन्ह उलटे टंकले, तर एक्सेल एकतर अडवते किंवा दुरुस्ती सुचवते; 'समान नाही' यासाठी != लिहिले तरी फॉर्म्युला स्वीकारला जात नाही, कारण तेथे <> हेच चिन्ह चालते. अशा चुका तिथल्या तिथे कळतात. खरी डोकेदुखी असते ती कसलीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देणाऱ्या फॉर्म्युल्यांची. पुढील उदाहरणे शाळेच्या निकालपत्रकाची असून गुण 'बी' स्तंभात आहेत आणि उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ३५ गुण लागतात. फंक्शनांची नावे, सेलचे पत्ते आणि अंक येथे देवनागरीत दिले आहेत. शीटमध्ये ते रोमन लिपीत टंकावेत.

अंक आणि मजकूर यांची तुलना

=इफ(बी२>=३५,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण") हा फॉर्म्युला (अट खरी असल्यास पहिले, नाहीतर दुसरे उत्तर देणारा) दिसायला निर्दोष आहे. मात्र त्यातल्या ३५ भोवती कोणी अवतरणचिन्हे घातली, तर सगळा वर्ग अनुत्तीर्ण होतो. एक्सेलच्या लेखी कोणताही अंक कोणत्याही मजकुरापेक्षा लहान असतो, आणि ट्रू (खरे) व फॉल्स (खोटे) ही मूल्ये त्या दोहोंपेक्षा मोठी असतात. त्यामुळे "३५" हा मजकूर झाला की ९८ गुणही त्याच्यापुढे कमी पडतात.

हाच नियम उलट्या बाजूने अधिक घातक ठरतो. गुणांच्या रकान्यात 'गैरहजर' असे लिहिले असेल, तर तो मजकूर ३५ पेक्षा मोठा ठरतो आणि परीक्षेला न बसलेला विद्यार्थी बिनबोभाट उत्तीर्ण होतो. दुसऱ्या प्रणालीतून उतरवून घेतलेल्या यादीत अंक मजकूर म्हणून आलेले असले (ते बहुधा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतात), तर १२ गुणवालाही पास होतो. म्हणून अट =इफ(अँड(इजनंबर(बी२),बी२>=३५),"उत्तीर्ण","तपासा") अशी लिहावी (इजनंबर सेलमध्ये अंक आहे का ते पाहते, आणि अँडमध्ये सर्व अटी खऱ्या असाव्या लागतात), आणि मजकूर झालेले अंक व्हॅल्यू फंक्शनने आधीच खऱ्या अंकांत बदलून घ्यावेत.

गणितातली सवय

वहीत आपण ४५<=क्ष<६० असे सहज लिहितो, पण शीटमध्ये ४५<=बी२<६० या अटीचे उत्तर कायम फॉल्सच येते. एक्सेल डावीकडून आधी ४५<=बी२ तपासते, त्याचे ट्रू किंवा फॉल्स असे उत्तर काढते आणि मग त्या उत्तराची तुलना ६० शी करते; वर सांगितलेल्या क्रमानुसार ते मूल्य ६० पेक्षा लहान असूच शकत नाही. येथे अँड(बी२>=४५,बी२<६०) असेच लिहावे लागते. वरची मर्यादा <=५९ अशी ठेवल्यास ५९.५ गुण मिळवणारा कोणत्याच श्रेणीत बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. नकारार्थी अटींतही अशीच गफलत होते. सी२ मध्ये तुकडी असेल आणि 'अ' व 'ब' या दोन्ही तुकड्या वगळायच्या असतील, तर एक अट खरी असली तरी पुरणारे ऑर(सी२<>"अ",सी२<>"ब") ही अट नेहमीच खरी असते, कारण एकाच सेलमध्ये एका वेळी दोन्ही तुकड्या असू शकत नाहीत. तेथे अँड हवे.

काउंटइफचे वेगळे शिस्तपालन

इफमध्ये जी अवतरणचिन्हे घात करतात, तीच काउंटइफ (अटीत बसणाऱ्या सेल मोजणारे) आणि समइफ (त्यांची बेरीज करणारे) या फंक्शनांमध्ये अनिवार्य असतात: =काउंटइफ(बी२:बी४१,">=३५"). मर्यादा डी१ या सेलमध्ये असेल तर ">=डी१" असे लिहून भागत नाही, कारण मग एक्सेल 'डी१' ही अक्षरे शोधत बसते; ">="&डी१ असा जोड द्यावा लागतो. इफ आणि काउंटइफ यांचे रिकाम्या सेलबाबतचे वागणेही वेगळे आहे. इफ रिकाम्या सेलला शून्य मानते, म्हणून बी२<३५ ही अट तेथे खरी ठरते. काउंटइफ मात्र "<३५" मोजताना रिकाम्या सेल वगळते आणि "<>गैरहजर" मोजताना त्या धरते. अनुत्तीर्णांची संख्या दोन ठिकाणी वेगवेगळी येते, तेव्हा आधी रिकाम्या सेल पाहाव्यात.

तारखा आणि दशांश

सी२ मध्ये तुकडीऐवजी तारीख असेल आणि इफमध्ये सी२>=१/६/२०२४ असे लिहिले तर एक्सेल १ ला ६ ने आणि मग २०२४ ने भागते, त्यामुळे प्रत्येक तारीख त्या नगण्य संख्येपेक्षा मोठी ठरते; तीच तारीख अवतरणचिन्हांत घातली तर तो मजकूर होतो आणि एकही तारीख अटीत बसत नाही. डेट(२०२४,६,१) हा बिनचूक मार्ग आहे. सरासरी ३४.६ असताना दशांश लपवल्यामुळे ३५ दिसत असेल, तरी तुलना ३४.६ शीच होते; गुण पूर्णांकात धरायचे असतील तर आधी राउंड फंक्शन वापरावे.

अट नेमकी कोठे फसते ते पाहण्यासाठी फॉर्म्युला बारमध्ये तेवढाच भाग निवडून एफ९ दाबावे, म्हणजे त्याचे उत्तर जागीच दिसते. पाहून झाल्यावर एस्केप दाबावे. एंटर दाबल्यास तो भाग पुसला जाऊन त्याच्या जागी ते उत्तर कायमचे बसते.