'हँड' म्हणजे हात नव्हे, फणी

रावेरजवळच्या एका पॅकहाउससाठी मी केळी हाताळणीच्या इंग्रजी सूचना जपानीत करत होते. 'हँड' दिसला की 'ते', म्हणजे हात, असं लिहीत गेले. तपासणाऱ्या जपानी बाईंनी विचारलं, "घडाचे हात कापायचे?" पोटात गोळाच आला.

मग मूळ कागदावर प्रत्येक 'हँड'शेजारी आधी मराठी शब्द लिहिला. कुठे फणी, म्हणजे घडातला केळ्यांचा एक झुपका, कुठे मजूर, आणि खरोखरचा हात फक्त 'हात धुवा' या ओळीत. घड, फणी, केळं हा फरक आपल्याकडे पोरासोरांनाही कळतो. तोच कामी आला.

फणीला 'फुसा' घेतला. एक फणी म्हणजे 'हितोफुसा', सुटं केळं 'इप्पोन', कारण लांबट वस्तू मोजायला जपानीत 'होन' लावतात आणि एकला त्याचं 'इप्पोन' होतं. अडचण अशी, की 'फुसा' घडालाही चालतो. म्हणून अख्ख्या घडाला सगळीकडे 'काबो' हा शेतीतला शब्द ठेवला. मजुराला 'साग्योइन'.

दुसऱ्या प्रतीत बाईंनी एकच बदल केला: फणी कापण्याला 'किरु', म्हणजे नुसतं कापणं, याऐवजी 'किरिहानासु', कापून वेगळं करणं. विळा घेऊन उभ्या माणसाला नेमकं तेच सांगायचं होतं.