लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं समजू नका

डिस्लेक्सिया म्हणजे काय (हुशारी असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाणं), परीक्षेतल्या सवलतीसाठी त्याचं सर्टिफिकेट कसं काढायचं, हे तुम्हाला माहीत असेलच. मला नववीत कुणी जे सांगितलं नाही तेवढंच सांगते.

'क्रम' आणि 'कर्म' यात अजूनही मला थांबून रफार शोधावा लागतो. सातवीपर्यंत मी बहिणीकडून धडे ऐकून पाठ करायचे आणि वर्गात पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायचे, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. एक दिवस बाई म्हणाल्या मधल्या परिच्छेदापासून वाच, आणि मी नुसती उभी राहिले. मग टेस्ट, सर्टिफिकेट वगैरे.

दहावीला लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते पेपरात लिहिणारी मुलगी, आणि तासाला 20 मिनिटं जादा मिळाली, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास! आईने देवापुढे पेढे ठेवले. आणि पूर्वपरीक्षेत इतिहासात मी आपटले.

उत्तर येणं वेगळं आणि ते दुसऱ्याकडून लिहून घेणं वेगळं, हे मला माहीतच नव्हतं. लेखनिक खालच्या वर्गातला असतो, माझी नववीतली होती, ती बिचारी पहिल्या वाक्यावर असायची आणि मी तिसऱ्या मुद्द्यावर. तिने "काय म्हणालीस ताई?" विचारलं की माझा धागा तुटायचा, बरं मागचं लिहिलेलं पटकन वाचून घ्यावं तर तोच तर आपला प्रॉब्लेम. एक मुद्दा दोनदा लिहिला गेला, शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. गणितात तर अजून हाल, 'कंस सुरू, अंशात हे, छेदात ते, कंस पूर्ण, त्याचा वर्ग' हे सगळं बोलावं लागतं, मी कधी बोललेच नव्हते.

म्हणून नववीतच सराव सुरू करा, खरंच. चार-पाच शब्द सांगा, पेन थांबेपर्यंत थांबा, मग पुढचे. 'पूर्णविराम', 'नवीन ओळ' हे तोंडाने म्हणा. आधी कच्च्या कागदावर मुद्द्यांची छोटी चित्रं काढा, सांगून झालेल्यावर काट मारा. मी बोर्डाच्या आधी बहिणीला बसवून असे अकरा पेपर सांगितले, आणि इतिहास सुटला.

'दोन महिन्यांत डिस्लेक्सिया घालवतो' म्हणणाऱ्या क्लासला एक रुपया देऊ नका. तो जात नाही. वाचायची पद्धत मात्र शिकता येते, पण त्याला वेळ लागतो, मी तीन वर्षं रेमेडिअल टीचरकडे (अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवणाऱ्या बाईंकडे) ओळीखाली फूटपट्टी धरून बसले आहे. आणि टॉपरचं वेळापत्रक कॉपी करू नका, ते आपल्यासाठी बनलेलंच नसतं.

कुणी म्हणेल सवलत म्हणजे चीटिंग. मलाही म्हणाले, मी रडले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. घाबरू नका, उशीर झालेला नाही.

आज जेवणानंतर घरातल्या कुणालातरी वही-पेन देऊन बसवा. इतिहासाचा एकच प्रश्न, मोबाईलवर दहा मिनिटं लावा, आणि सांगायला लागा.