ग्राफिक्स कार्ड खरंच गेलंय का? आधी हे तपासा

गेम ऐन रंगात आलेला असताना स्क्रीन काळी पडते, पंखे एकदम जोरात फिरू लागतात आणि आवाज मात्र चालूच राहतो. किंवा सगळीकडे रंगीत चौकोन आणि हिरवे-जांभळे पट्टे उमटतात. संशय लगेच कार्डावर जातो. पण सैल केबल, अपुरा पॉवर सप्लाय (संगणकाला वीज पुरवणारा डबा), अस्थिर रॅम किंवा बिघडलेला ड्रायव्हर (विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून टाकलेलं सॉफ्टवेअर) यांमुळेही अगदी असंच होतं. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

दोष नेमका कधी दिसतो?

संगणक चालू करताच बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या) स्क्रीनवरच पट्टे दिसत असतील तर ड्रायव्हरचा संबंध नाही, कारण तो तेव्हा सुरूच झालेला नसतो. गेम दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग गडबड होत असेल तर तापमान बघा. जड दृश्य येताच अख्खा संगणक रीस्टार्ट होत असेल तर वीजपुरवठा बघा. एकाच गेममध्ये त्रास असेल तर बहुधा गेमच्या फाइल्स किंवा ड्रायव्हरची आवृत्ती.

पट्टे दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर उघडा. फोनवरही पट्टे दिसले तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर आधी केबल, पोर्ट आणि मॉनिटर बदलून पाहा. फुकटची चाचणी आहे, पण बरेच जण ती करतच नाहीत.

वीज

संगणक बंद करा, पॉवर सप्लायची केबल भिंतीतून काढा आणि चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कार्डाचा स्क्रू आणि स्लॉटची खिट्टी सोडवून कार्ड बाहेर काढा. सोनेरी संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडानं पुसा. खोडरबरानं घासू नका, मुलामा झिजतो. कार्ड परत बसवताना खिट्टीचा ‘टक’ आवाज यायला हवा.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनी कनेक्टर आणखी ७५ आणि ८ पिनी १५० वॅट देतो. कार्डाला दोन ८ पिनी जागा असतील तर पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलला दोन तोंडं असलेली जोडणी मोठ्या कार्डाला टाळलेली बरी. नव्या कार्डांवरचा १६ पिनी कनेक्टर शेवटपर्यंत आत गेलाय का, फट दिसते का, प्लास्टिक तपकिरी झालंय का, हे टॉर्च लावून पाहा. या कनेक्टरला लागूनच केबल वाकवू नका. पहिले साधारण ३५ मिलिमीटर ती सरळ राहू द्या.

आणि एक धोका ठळकपणे सांगायला हवा: एका पॉवर सप्लायची सुटी केबल दुसऱ्या मॉडेलच्या पॉवर सप्लायला कधीही लावू नका. तोंड जुळलं तरी पॉवर सप्लायकडच्या पिनांची रचना वेगळी असू शकते आणि चांगलं कार्ड एका क्षणात जळू शकतं.

जड गेम चालू असताना एचडब्ल्यूइन्फो या हार्डवेअरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाला मिळणारा १२ व्होल्टचा पुरवठा पाहा. तो ११.४च्या खाली जात असेल तर पॉवर सप्लाय किंवा केबल दोषी. आकडा ठीक दिसूनही रीस्टार्ट होत असेल तर आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं खेचायच्या विजेची मर्यादा, ७० टक्क्यांवर आणा. वीज क्षणार्धात उसळते ती सॉफ्टवेअरला दिसत नाही, पण तिच्यामुळेच पॉवर सप्लायचं संरक्षण जागं होऊन पुरवठा तोडतं. ७० टक्क्यांवर रीस्टार्ट थांबले तर दुसऱ्या, पुरेशा वॅटच्या पॉवर सप्लायवर तपासा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीतली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक अचानक बंद पडला एवढंच सांगते, कारण सांगत नाही.

तापमान

गाभ्याचं (कार्डाच्या मुख्य चिपचं) सरासरी तापमान आणि ‘हॉट स्पॉट’ (तिच्यातली सर्वांत तापलेली जागा) हे दोन्ही आकडे बघा. दोन्हींत ३० अंशांहून जास्त फरक असेल तर बहुधा थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे नेणारा लेप) सुकलीय किंवा हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) नीट दाबून बसलेला नाही. मेमरीचं तापमान वेगळं दिसत असेल आणि ते १०५-११० अंशांना टेकत असेल तर थर्मल पॅड (मेमरी आणि हीटसिंक यांमधल्या उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बहुधा निकामी झालेत. पॅड बदलताना मूळ जाडीचेच घ्या. अर्धा मिलिमीटर जाड पॅडही हीटसिंक उचलून धरतो आणि गाभा आधीपेक्षा जास्त तापतो. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. कमी तापमानात पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका, बऱ्याच कार्डांची तशी रचनाच असते.

ड्रायव्हर आणि तोतये दोष

नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरवर चालू करून) डीडीयू हे ड्रायव्हर काढायचं सॉफ्टवेअर चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि मग नवा टाका. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. एवढं करूनही विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे ‘कोड ४३’ (उपकरणानं अडचण कळवल्यामुळे विंडोजनं ते थांबवलं, अशी सूचना) राहिला तर दोष हार्डवेअरमध्ये असण्याची शक्यता वाढते.

कधी कधी दोष दुसऱ्याचाच असतो, पण दिसतो कार्डाचा. रॅमवरचा संशय फेडायला बायोसमध्ये तिचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम वाढीव वेगानं चालवायची सेटिंग) बंद करून एकदा गेम चालवा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत तर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा, पण दोष प्रोसेसरचा असायचा. त्यासाठी २०२४मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) सुधारणा आली. तुमचा प्रोसेसर त्यातला असेल तर मदरबोर्डचं बायोस आधी अद्ययावत करा. रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर बसवण्याची केबल) वापरत असाल तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा.

निकाल

सगळं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाची सेटिंग) काढा आणि ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅम, म्हणजे कार्डावरच्या मेमरीची, चाचणी चालवा. एकही चूक दिसली तर ती गंभीर. मग कार्ड दुसऱ्या, पुरेशा पॉवर सप्लायच्या संगणकात लावा. तिथेही तेच झालं तर दोष कार्डाचाच. कार्डावर दोन बायोसचा (कार्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर निवडायचा) खटका असेल तर तो बदलून एकदा पाहा.

मेमरीचा वेग २००-५०० मेगाहर्ट्झनं उतरवल्यावर पट्टे गेले तर काही काळ काम निभेल, पण चिप कमजोर झालीय हे नक्की. ओव्हनमध्ये कार्ड भाजण्याचा उपाय करू नका: त्यानं कार्ड जगलंच तर थोडेच दिवस, आणि विषारी धूर सुटतो तो वेगळाच.

वॉरंटी शिल्लक असेल तर हीटसिंक उघडण्याआधी तिच्या अटी वाचा. बायोसच्या स्क्रीनवरच्या पट्ट्यांचा व्हिडिओ, चाचणीचा स्क्रीनशॉट आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा, आणि कार्ड अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत घालून चारही बाजूंनी फोम लावून पाठवा.