मठवासी धर्मभगिनी व्हायचे असेल तर: पहिल्या पत्रापासून कायमच्या व्रतांपर्यंत

कॅथलिक चर्चमध्ये शाळा चालवणाऱ्या, रुग्णसेवा करणाऱ्या सिस्टर आणि मठाच्या भिंतीआड प्रार्थना व हाताचे काम करत राहणाऱ्या मठवासिनी यांच्या वाटा वेगळ्या आहेत. हा लेख दुसऱ्या वाटेविषयी आहे. सेवाकार्याच्या संघात बदल्या होतात. मठात मात्र बहुधा एकाच घरात, त्याच बहिणींबरोबर जन्म काढायचा असतो. त्यामुळे बेनेडिक्टाइन की कार्मेलाइट (मठजीवनाच्या दोन जुन्या परंपरा) एवढे ठरवून भागत नाही, नेमका मठ निवडावा लागतो.

आधी अडथळे दूर करा

चर्चच्या १९८३च्या कायद्यातील कलम ६४३ नुसार १७ वर्षे पूर्ण नसतील, विवाहबंधन कायम असेल, दुसऱ्या संघाच्या व्रतांत असाल किंवा दडपणाखाली आला असाल, तर नवदीक्षितेचा (व्रतांआधीच्या प्रशिक्षणकाळात, म्हणजे नवदीक्षेत, असलेल्या मुलीचा) प्रवेशच अवैध ठरतो. कोर्टाने दिलेला घटस्फोट इथे उपयोगाचा नाही. विवाह मुळात झालाच नव्हता, असा चर्चच्या न्यायमंडळाचा निर्णय लागतो. विधवांना वाट मोकळी आहे, पण मुले अजून त्यांच्यावर अवलंबून असतील तर मठ थांबायलाच सांगेल.

फेडता न येणारे कर्ज हाही अडथळाच आहे (कलम ६४४). शैक्षणिक कर्ज ‘नंतर बघू’ म्हणून लपवू नका. कागदपत्रांत स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), दृढीकरण (त्यानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार) आणि विवाहबंधनात नसल्याचे दाखले लागतात. नुकताच स्नानसंस्कार झाला असेल, तर बहुतेक मठ दोन-तीन वर्षे थांबवतात. कमाल वय कायद्यात दिलेले नाही. ते प्रत्येक मठ आपापले ठरवतो, म्हणून पहिल्याच पत्रात विचारून घ्या.

घरी सराव

रोज सकाळची, संध्याकाळची आणि झोपण्यापूर्वीची प्रार्थना प्रार्थनाग्रंथातून करा. अर्धा तास बायबलचे संथ वाचन करा आणि शक्य तेव्हा मिस्साला (चर्चमधील मुख्य उपासनेला) जा. संत बेनेडिक्टच्या नियमात १५० स्तोत्रे आठवड्याभरात म्हणायची असतात, तर कार्मेलमध्ये (कार्मेलाइट मठात) आविलाच्या संत तेरेसाच्या परंपरेनुसार रोज दोन तास मूक प्रार्थना असते. एक जीवन स्तोत्रगायनाभोवती फिरते, दुसरे एकांताभोवती. आपला ओढा कुठे आहे, हे वर्षभराच्या सरावात बरेचसे कळते. पोशाखाचे फोटो पाहून ते कळत नाही; तरीही कितीतरी मुली मठ तसाच निवडतात. या काळात एक अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शक हवा, आणि तो हो ला हो करणारा नसावा.

पत्र आणि भेट

एका वेळी एकाच मठाशी गंभीरपणे बोला. पत्र एका पानाचे पुरे: वय, शिक्षण, काम, संस्कार, आरोग्य (मानसिक उपचार घेतले असतील तर तेही), कर्ज आणि ही ओढ किती काळापासून आहे. आजार लपवून आत गेलेली उमेदवार पुढे उघडी पडते, आणि तेव्हा आजारापेक्षा लपवाछपवीच आड येते.

पहिली भेट अतिथीगृहात काही दिवसांची असते. प्रार्थनामंदिराच्या सौंदर्यावर जाऊ नका. विरंगुळ्याच्या वेळी बहिणी एकमेकींशी कशा बोलतात, वृद्ध व आजारी बहिणींकडे कोण पाहते, गेल्या दहा वर्षांत किती जणी आल्या आणि किती टिकल्या, हे विचारा. कायमची व्रते घेतलेल्यांची संख्या विचारायला संकोच करू नका. २०१८च्या ‘कोर ओरान्स’ या रोमच्या सूचनापत्रानुसार ती पाचवर आली की मठ आपली अध्यक्षा निवडण्याचा हक्क गमावतो. असे घर उद्या दुसऱ्या मठात विलीन होऊ शकते.

आतली वर्षे

चिंतनशील, म्हणजे प्रार्थनेलाच वाहिलेल्या, मठांसाठी ‘कोर ओरान्स’नेच किमान कालावधी ठरवला आहे. उमेदवारी १२ महिने, त्यानंतरची पूर्वतयारी १२ महिने, नवदीक्षा दोन वर्षे आणि तात्पुरती व्रते पाच वर्षे, अशी किमान नऊ वर्षे होतात. कमाल मर्यादा बारा वर्षांची आहे.

नवदीक्षेचे दुसरे वर्ष कायद्याच्या दृष्टीने मोजले जाणारे वर्ष असते. त्यात तीन महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलात (सलग असो वा तुकड्यातुकड्यांनी), तर नवदीक्षाच अवैध होते. पंधरा दिवसांहून जास्त गैरहजेरी असेल तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात. घरी लांबलचक आजारपण निघाले तर हिशेब आधीच मांडा. नवदीक्षिता केव्हाही निघून जाऊ शकते आणि मठही तिला परत पाठवू शकतो. यात कोणाचीच नाचक्की नाही, वर्षे त्यासाठीच ठेवलेली आहेत. अवघड महिने बहुधा सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर येतात, आणि कारण बहुतेक वेळा प्रार्थना नसून शेजारी बसणारी बहीण असते.

व्रते आणि मालमत्ता

बेनेडिक्टाइन व ट्रॅपिस्ट (बेनेडिक्टचाच नियम पाळणाऱ्या) मठांत व्रते घेतली जातात ती त्याच मठात स्थिर राहण्याची, मठजीवनाला साजेशा सततच्या परिवर्तनाची आणि आज्ञापालनाची. कार्मेलाइट ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन यांची व्रते घेतात. कायमच्या व्रतांसाठी वय किमान २१ हवे. बेनेडिक्टच्या नियमानुसार व्रतपत्र स्वहस्ते लिहून वेदीवर ठेवतात आणि ‘तुझ्या वचनाप्रमाणे मला स्वीकार’ ही स्तोत्राची ओळ तीनदा म्हणतात.

घर विकून, दागिने वाटून मठात येऊ नका. परत फिरावे लागले तर हात रिकामे राहतात आणि ती भीतीच मग नको त्या ठिकाणी अडकवून ठेवते. पहिल्या व्रतांआधी मालमत्तेचा फक्त कारभार दुसऱ्याकडे सोपवायचा असतो, मालकी तुमचीच राहते. देशाच्या कायद्याने वैध ठरेल असे मृत्युपत्र कायमच्या व्रतांपर्यंत तरी झालेले हवे. जिथे कायमची व्रते ‘गंभीर व्रते’ (चर्चच्या कायद्यातील सर्वांत बंधनकारक प्रकार) असतात, त्या मठात मालकी पूर्ण सोडली जाते. ते सोडपत्र व्रतांच्या आधी करतात, पण ते लागू होते व्रतांच्या दिवसापासून. दोन्ही कागद वकिलाकडून तपासून घ्या.