सरकारला लेखी प्रश्न : आपल्या गावची अडचण सभागृहाच्या कागदावर कशी आणावी आणि आलेलं उत्तर कसं वाचावं

टीव्हीवर अधिवेशनातला गोंधळ दिसतो. त्याच दिवशी दोन-अडीचशे प्रश्नांची लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात, ती मात्र दिसत नाहीत. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळतं. तारांकिताची पाळी आली नाही तर त्याचंही उत्तर लेखीच ठेवलं जातं. थोडक्यात, बहुतेक कारभार कागदावरच चालतो, आणि सामान्य माणसाच्या कामाचा तोच असतो. भाषण विसरलं जातं, पण मंत्र्याच्या नावाने छापलेला आकडा पुढची अनेक वर्षं पुरावा म्हणून दाखवता येतो.

प्रश्न विचारण्याचा हक्क सदस्याचा, आपला नाही. पण प्रश्न सुचवायला, त्याचा मसुदा करून द्यायला आणि उत्तराचा पाठपुरावा करायला कोणाचीच आडकाठी नाही. ते कसं करायचं ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी : आधी काय विचारून झालंय ते शोधा

इथेच बहुतेक जण घाई करतात. संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभा आणि राज्यसभेसाठी प्रश्नोत्तरांचे स्वतंत्र विभाग आहेत. सदस्याचं नाव, मंत्रालय, अधिवेशन किंवा विषयातला शब्द टाकून शोधता येतं. उत्तरं इंग्रजीत आणि हिंदीत असतात, म्हणून शोधशब्दही त्याच भाषेत द्या, आणि एकाच शब्दावर थांबू नका. पीकविम्याची माहिती हवी असेल तर योजनेचं पूर्ण नाव, लघुरूप आणि जिल्ह्याचं नाव, तिन्ही टाकून पाहा. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगरचा जुना संदर्भ हवा असेल तर उस्मानाबाद, औरंगाबाद आणि अहमदनगर हीच नावं टाकावी लागतील.

राज्यातल्या प्रश्नोत्तरांच्या याद्या महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. गोव्यात याला सर्रास ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात, आणि तिथल्या विधानसभेत उत्तरांना जोडलेली परिशिष्टं हा पत्रकारांचा आणि कार्यकर्त्यांचा नेहमीचा खजिना असतो.

आपल्या विषयावर आधीचं उत्तर सापडलं तर ते उतरवून ठेवा. प्रश्न क्रमांक, तारीख आणि मंत्रालय, तिन्ही हवं. नवा प्रश्न त्या उत्तराच्या पुढे जाणारा असावा, कारण ज्याचं उत्तर आधीच दिलं आहे तोच प्रश्न पुन्हा विचारता येत नाही.

दुसरी पायरी : प्रश्न दिल्लीचा की मुंबईचा

लोकसभेचा नियम सांगतो की ज्या बाबीशी केंद्र सरकारचा मुख्यत्वे संबंध नाही ती विचारता येत नाही. रेल्वेचा थांबा, राष्ट्रीय महामार्ग, टपाल आणि दूरसंचार हे दिल्लीचे विषय. जिल्हा परिषदेची शाळा, पोलीस ठाणं, कालव्याचं आवर्तन हे राज्याचे, म्हणजे आमदाराचे. मधले विषय अवघड. पीकविम्याची योजना केंद्राची, राबवणूक राज्याची, हप्त्याचा भार दोघांवर. अशा वेळी प्रश्नाचे दोन तुकडे करा, एक संसदेत आणि एक विधानमंडळात पाठवा. एकच प्रश्न दोन्हीकडे पाठवला तर दोन्हीकडून ‘ही बाब त्यांच्याकडे’ असं उत्तर येण्याचीच शक्यता जास्त.

तिसरी पायरी : सदस्य निवडा

आपलाच खासदार हवा असं बंधन नाही. तो मंत्री असेल तर तो प्रश्न विचारूच शकत नाही. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात, त्यांतल्या कोणीही विचारलं तरी चालतं. आपल्या विषयावर पूर्वी कोणी प्रश्न विचारले ते पहिल्या पायरीत कळलेलं असतंच. त्यालाच गाठा. गाठायचं म्हणजे मतदारसंघातल्या गर्दीत निवेदन हातात कोंबायचं नाही. प्रश्नांचं काम बघणारा स्वीय सहाय्यक वेगळा असतो, आणि काही खासदारांकडे संसदीय कामासाठी वर्षभर नेमलेले तरुण संशोधन सहाय्यक असतात. त्यांना एक पानाचा मसुदा आणि आधारासाठी दोन कागद दिले तर ते खूश होतात, कारण त्यांचं निम्मं काम झालेलं असतं.

पैशाचा विषय निघाला तर तिथूनच परत फिरा. हंगामी संसदेतले सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईतल्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेचं काम पैसे घेऊन सभागृहात करत असल्याचा ठपका आला, आणि १९५१ मध्ये त्यांना जावं लागलं. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नांसाठी पैसे घेणारे ११ खासदार एकाच दिवशी बडतर्फ झाले. सदस्याचा प्रश्न नोंदवण्याचा ऑनलाईन पासवर्डही मागू नका आणि कोणी दिला तरी घेऊ नका. खासदार महुआ मोइत्रा यांच्या २०२३ मधल्या बडतर्फीच्या प्रकरणात तोच मुद्दा होता.

चौथी पायरी : मसुदा

सगळा खेळ इथे आहे. लोकसभेच्या नियमांप्रमाणे प्रश्न सहसा १५० शब्दांहून मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमान, टोमणे, विशेषणं किंवा बदनामीकारक मजकूर चालत नाही. मत विचारता येत नाही, ‘असं झालं तर’ छापाचं काल्पनिक काही विचारता येत नाही, आणि न्यायप्रविष्ट बाब चालत नाही. सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहितीही मागता येत नाही.

म्हणून ‘धाराशिवच्या शेतकऱ्यांना पीकविम्याचे पैसे कधी मिळणार?’ हा प्रश्न मोर्च्यात शोभतो, सभागृहात तो वाया जातो. त्याला ‘पात्र दाव्यांचा निपटारा मार्गदर्शक सूचनांनुसार केला जातो’ असं उत्तर येईल. ते खोटं नाही, आणि कामाचंही नाही. तोच प्रश्न असा करून बघा :

कृषी व शेतकरी कल्याण मंत्री पुढील माहिती देतील काय : (अ) खरीप २०२३ आणि खरीप २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यात पंतप्रधान पीकविमा योजनेखाली पीकनुकसानीच्या किती पूर्वसूचना मिळाल्या आणि त्यांपैकी किती फेटाळल्या, त्याचा कारणनिहाय तपशील, (आ) या हंगामांसाठी केंद्राचा आणि राज्याचा हप्त्याचा हिस्सा विमा कंपनीला कोणकोणत्या तारखांना देण्यात आला, (इ) भरपाईला झालेल्या विलंबाबद्दल १२ टक्के दराने किती रक्कम आकारली व किती वसूल झाली, (ई) वसूल झाली नसल्यास त्याची कारणे काय?

यात एकही विशेषण नाही. ‘कारणनिहाय’ हा एक शब्द किती काम करतो बघा. नुकसान कळवण्याची ७२ तासांची मुदत चुकली म्हणून किती अर्ज गेले आणि ‘नुकसान आढळले नाही’ म्हणून किती, हे वेगळं झालं की भांडण कोणाशी ते कळतं. तारखा मागितल्याने राज्याने हिस्सा उशिरा दिला की कंपनीने पैसे अडवले, हेही उघडं पडतं. ‘किती काळ लागला’ असं विचारलं असतं तर एखादी सरासरी हातात आली असती.

माहिती ज्या पातळीवर ठेवली जाते त्याच पातळीवर मागा. दिल्लीला तालुक्याचा हिशेब विचारला तर ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ असं म्हणायला जागा मिळते. तालुका आणि महसूल मंडळ आमदाराच्या प्रश्नात घाला.

विधानसभेतला साचा वेगळा आहे आणि तो मराठीत रुळलेला आहे : ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, मग ‘(१) अमुक झाल्याचे अमुक महिन्यात निदर्शनास आले, हे खरे आहे काय’, ‘(२) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले’, आणि शेवटी ‘(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. या साच्यात एक सापळा आहे. पहिल्या पोटप्रश्नात तीन गोष्टी कोंबल्या आणि त्यांतली एक जरी चुकीची निघाली, तर ‘हे खरे नाही’ म्हणून सगळ्याला टाळं लागतं, आणि पुढच्या तिन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिला पोटप्रश्न शक्य तितका लहान ठेवा, आणि ज्याचा कागद तुमच्या हातात आहे तेवढंच त्यात लिहा. जमलं तर पुढचे भाग ‘असल्यास’वर टांगूच नका.

पाचवी पायरी : वेळ

संसदेची अधिवेशनं तीन : अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. शिवाय लोकसभेत खात्यांचे पाच गट करून प्रत्येकाला आठवड्यातला एक वार दिलेला असतो, त्यामुळे कृषी मंत्रालयाचा प्रश्न कुठल्याही दिवशी येत नाही. सूचना ढिगाने येतात आणि अग्रक्रम सोडतीने ठरतो. तारांकिताच्या यादीत एका सदस्याचा दिवसाला एकच प्रश्न येऊ शकतो. म्हणून आकड्यांचा प्रश्न असेल तर तारांकिताचा हट्ट धरू नका, अतारांकितात तो लागण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. अधिवेशनाची तारीख जाहीर होताच मसुदा पोचला पाहिजे.

आणि प्रश्नाच्या उत्तराचा दिवस येण्याआधी ‘आपल्या मागणीवर साहेबांचा संसदेत प्रश्न’ असं फेसबुकवर टाकू नका. लोकसभेत उत्तराच्या दिवसाआधी प्रश्नाच्या सूचनेला प्रसिद्धी देणं नियमात बसत नाही, उगाच सदस्याची अडचण होते.

सहावी पायरी : उत्तर वाचा, दोनदा

आधी आकार बघा. चार पोटप्रश्नांना ‘(अ) ते (ई)’ असं एकत्र उत्तर आलं असेल तर पेन घ्या आणि कोणत्या भागाचं उत्तर कुठे आहे ते खुणा करून शोधा. योजना कधी सुरू झाली, तिची उद्दिष्टं काय, यावर दोन परिच्छेद असतात आणि एक पोटप्रश्न गुपचूप गाळलेला असतो. विवरणपत्र जोडलं असेल तर ते आधी वाचा, मजकूर नंतर.

मग शब्द तपासा. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिलं : आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची नोंद राज्यं केंद्राला कळवतात, आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. बातमीत त्याचं ‘ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू नाही’ असं झालं आणि देशभर संताप उसळला. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण दगावले होते. मंत्रीही नाशिक जिल्ह्यातल्याच, दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार. पण उत्तर नीट वाचलं तर ते मृत्यूंबद्दल बोलतच नाही, ते राज्यांनी काय कळवलं एवढ्याबद्दलच बोलतं. मग पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो : मृत्यू कळवण्याच्या नमुन्यात ऑक्सिजनच्या तुटवड्यासाठी रकाना होता काय, आणि ही माहिती राज्यांकडे कोणत्या तारखेच्या पत्राने मागितली? माझ्या मते संतापापेक्षा हा प्रश्न सरकारला जास्त जड गेला असता.

दुसरा नमुना १४ सप्टेंबर २०२० चा. कोविडमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, लेखी प्रश्न तेवढे चालू होते. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, असं लोकसभेत विचारलं गेलं. कामगार मंत्रालयाचं उत्तर : अशी आकडेवारी ठेवलेली नाही. भरपाईचं काय? आकडेवारीच नाही, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. असं उत्तर आलं तरी ते फाडून टाकू नका. माहिती ठेवलीच नव्हती, ही सरकारने सहीनिशी दिलेली कबुली असते. पुढे तेच खाते आकडे देऊ लागले, तर ते कुठून आले हे विचारता येतं.

सातवी पायरी : पाठपुरावा

‘माहिती संकलित करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ ही वाक्यं दिसली तर निराश होऊ नका. संसदेत अशी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून हेच काम करते, आणि आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते. मुदती वाढवून घेतल्या जातात, वर्षंही जातात. म्हणून आपल्या प्रश्नाची नोंद आश्वासनात झाली का, हे सदस्याच्या कार्यालयाकडून विचारून घ्या. उत्तरातली माहिती चुकीची असेल तर लोकसभा सदस्याला अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली लेखी निदर्शनास आणता येतं. उत्तर अपुरं आणि विषय मोठा असेल तर अर्ध्या तासाच्या चर्चेची मागणी करता येते, दिल्लीत आणि मुंबईतही.

तेवढ्यात तुम्ही स्वतः माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांत. त्यात उत्तर मागू नका, ते तर आलंच आहे. ‘अमुक तारखेच्या प्रश्न क्रमांक अमुकचं उत्तर तयार करण्यासाठी जिल्हा कार्यालयाकडून मंत्रालयाला पाठवलेल्या माहितीची प्रत’ मागा. जिल्ह्यातून गेलेली माहिती आणि सभागृहात छापलेली माहिती यांत कधीकधी बरंच अंतर असतं. राज्याकडे अर्ज करताना एकच विषय आणि १५० शब्द ही महाराष्ट्राच्या नियमांतली मर्यादा सांभाळा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.